म्युझियममधल्या प्रदर्शनाच्या ओपनिंगला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

फोर्टात ऑफिस असलेले, रोज चर्चगेटवरून चालत येणारे कित्येक मराठी लोक मला माहितीयेत, ज्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर बसून शंभर वेळा कुणाची तरी वाट बघितलीय, पण आत प्रदर्शनाचं उद्घाटन चालू असेल तर ते आत पाऊल टाकत नाहीत. का म्हणून विचारलं की दोनच उत्तरं येतात, आपल्याला कुणी बोलावलंय, आणि आपल्याला त्यातलं काय कळतंय. मला दोन्ही पटत नाहीत. चित्रकार, चित्रं भिंतीवर लावणारे, क्युरेटर (म्हणजे कुठली चित्रं घ्यायची, कशी मांडायची ते ठरवणारे), आर्ट स्कूलची पोरं, समीक्षक आणि अगदी अनोळखी माणसं एका खोलीत फक्त त्या एका संध्याकाळी असतात, नंतर महिनाभर त्याच हॉलमध्ये फक्त चित्रं असतात आणि एक सिक्युरिटीवाला. म्हणून अगदी नवख्यांसाठी सगळं क्रमाने सांगते, उदाहरणं मुंबईची घेते कारण मला तीच नीट माहितीयेत.

आधी तारीख शोधा

सरावासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ साली ही उभी राहिली, प्रवेश फुकट, आणि आत वेगवेगळे हॉल आहेत ज्यांत प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याआठवड्याला बदलतात. म्हणजे मंगळवारी गेलात तर एकाच छपराखाली दोन-तीन उद्घाटनं पदरात पडायची शक्यता चांगली असते. निमंत्रण वगैरे लागत नाही, सरळ आत.

खरं म्युझियमचं ओपनिंग बघायचंय तर समोरच रिगल सिनेमाच्या सर्कलला एनजीएमए आहे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, जिथे आधी सभा-मैफिली व्हायच्या, त्यात १९९६ पासून हे म्युझियम आहे. दुसरं भायखळ्याला, राणीबागेला लागूनच, डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ पासूनचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. इथली मोठी प्रदर्शनं काही दर आठवड्याला होत नाहीत, एक लागलं की चांगलं महिना-दोन महिने असतं, त्यामुळे उद्घाटनाची तारीख चुकली की चुकलीच. तिसरा प्रकार प्रायव्हेट गॅलऱ्यांचा, कुलाबा-फोर्ट भागात डझनाने आहेत, बऱ्याच जणी गुरुवारी संध्याकाळी ओपनिंग ठेवतात आणि जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो (२०१२ पासून चालू आहे), तेव्हा तर एका संध्याकाळी पायी पायी चार-पाच प्रदर्शनं होतात.

तारखा कळायला एकच करा, ह्या सगळ्यांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा आणि वेबसाइटवर ईमेल टाकून ठेवा. निमंत्रणावर 'सर्वांना आमंत्रण' असेल तर प्रश्नच मिटला. 'आरएसव्हीपी' लिहिलं असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की येताय का ते कळवा, दोन ओळींचा मेल पुरतो, "नमस्कार, मला उद्घाटनाला यायचंय, आम्ही दोघं असू." मराठीत लिहिला तरी चालतो. फक्त 'केवळ निमंत्रितांसाठी' असं स्पष्ट असेल तिथे मात्र जाऊ नका, दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना खुलं असतंच.

एक सूचना, जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला असणाऱ्या काळा घोडा फेस्टिव्हलच्या दिवसांत पहिलं ओपनिंग गाठू नका. उत्सव म्हणून तो छानच असतो पण त्या गर्दीत चित्रापुढे उभं राहायला मिळत नाही.

निघायच्या आधी

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. खादीचा झब्बा, हातमागाची साडी, ऑफिसचा शर्ट, जीन्स, सगळं चालतं, कुणी बघत नाही. चपला-बूट मात्र आरामाचे घाला कारण दोन-अडीच तास उभं राहायचंय आणि बसायला खुर्च्या असल्याच तर त्या भाषणापुरत्या असतात. मोठी सॅक नको, ती दारात ठेवायला लावतात आणि निघताना तिथे रांग लागते. सरकारी म्युझियमला जाताना ओळखपत्र जवळ असू द्या. पोटात थोडं काहीतरी टाकून जा, तिथे मिळणाऱ्या दोन बिस्किटांवर संध्याकाळ निघत नाही.

गाडी नेऊ नका, काळा घोडा-रिगलला संध्याकाळी पार्किंग शोधण्यात भाषणं संपतात. चर्चगेटवरून पंधरा-वीस मिनिटं चालत, नाहीतर आता मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन झालंय ते अजून जवळ. भाऊ दाजी लाडला भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि राणीबाग विचारायचं, म्युझियमचं नाव सगळ्यांना माहिती असेलच असं नाही पण राणीबाग शेंबडं पोरही सांगतं.

आणि एक छोटा अभ्यास, दहा मिनिटांचा, ट्रेनमध्ये होतो. चित्रकाराचं नाव टाकून दोन-तीन चित्रं बघून ठेवा आणि माणूस कुठला, काय करायचा एवढं वाचा. बास. क्युरेटरची मोठी टिपणं आधी वाचू नका, मग आपण चित्रात तेच शोधत बसतो जे त्यांनी लिहिलंय.

पोचल्यावर

वेळेवर जा, आणि शक्य असेल तर दिलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. मुंबईत सहा म्हणजे साडेसहा हे सगळ्यांना माहितीये, पण ह्या मधल्या अर्ध्या तासात चित्रकार एका कोपऱ्यात मोकळा उभा असतो, हॉलमध्ये वीस-पंचवीसच माणसं असतात, लेबल सरळ आहे का ते कुणीतरी शेवटचं तपासत असतं. प्रदर्शन उभं कसं राहतं ते बघायचं असेल तर हाच अर्धा तास.

दारात कधीकधी रजिस्टर असतं, त्यात नाव आणि ईमेल लिहा, वाचता येईल असं लिहा, पुढच्या वेळचं निमंत्रण तिथूनच येतं. बाजूला टेबलावर कॅटलॉग असतो, जाडजूड असेल तर विकत असतो, घडीचा कागद असेल तर फुकट, तो आत्ताच घ्या, नंतर संपतो.

बाहेरूनच बघायला सुरुवात करा हेही सांगून ठेवते, कारण काही वेळा प्रदर्शन दाराच्या आधीच सुरू झालेलं असतं. २०१३ मध्ये कलावंत रीना सैनी कलाट यांनी भाऊ दाजी लाडच्या दर्शनी भिंतीवर कोळ्याचं प्रचंड जाळं चढवलं होतं, आणि ते जाळं विणलेलं होतं रबरी शिक्क्यांचं, आपल्या सरकारी ऑफिसात टेबलावर असतात तसे पण आकाराने मोठे, आणि शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, इंग्रजांच्या काळातली नावं, जी नंतर बदलली गेली. लांबून नुसतं जाळं दिसायचं, जवळ गेल्यावर नावं. घाईघाईत आत शिरलेला माणूस ह्याला मुकला असता.

भाषणं

पद्धत ठरलेली आहे, समईपाशी दीपप्रज्वलन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, मग दोन-तीन जण बोलतात. फोन सायलेंटवर, आणि भाषण चालू असताना चित्रांमधून फिरू नका, बोलणाऱ्याच्या पाठीमागून जाणारा माणूस सगळ्यांना दिसतो. कडेला भिंतीशी उभे राहा, पण भिंतीला टेकू नका, मागे चित्र असतं! खरंच सांगते, गर्दीत सगळ्यात जास्त धोका ह्याचाच असतो, खांद्यावरची पर्स आणि पाठीवरची बॅग.

भाषणं बोअर असतात म्हणून उशिरा येणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. चित्रकाराबरोबर ज्याने आयुष्य काढलंय असा एखादा मित्र उभा राहतो आणि त्याच्या पाच मिनिटांत जे कळतं ते छापील कुठेच नसतं. आणि कधी कधी तिथेच खरी ठिणगी पडते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एनजीएमएत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, अमोल पालेकर बोलायला उभे होते, म्युझियमची स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बंद करण्याबद्दल ते बोलायला लागले आणि भाषण मध्येच थांबवून त्यांना प्रदर्शनापुरतंच बोला असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ते देशभरच्या बातम्यांत होतं. कुणाचं बरोबर ह्यात मी इथे शिरत नाही, पण म्युझियम कसं चालवलं जातं, कुणी काय ठरवायचं, हे प्रश्न अशा संध्याकाळीच सगळ्यांसमोर येतात आणि ते ऐकायला आपण तिथे असायला हवं.

भाषणं संपली की उलटं चाला

टाळ्या पडल्या की सगळी गर्दी दोनच ठिकाणी जाते, चित्रकाराभोवती फोटोला आणि चहाच्या टेबलाकडे. तुम्ही ह्या दोन्हीकडे जाऊ नका. एनजीएमएत जिना धरा आणि थेट वर घुमटाखाली जा. ती इमारत आतून अर्धगोल मजल्यांची आहे, एकावर एक, आणि बहुतेक लोक खालून सुरू करून दुसऱ्या मजल्यापर्यंत गप्पांत अडकतात, त्यामुळे वर पंधरा-वीस मिनिटं निवांत मिळतात. मग हळूहळू खाली उतरत या. क्रम उलटा होतो हे खरं, सिंहावलोकनी प्रदर्शन (म्हणजे चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचं) असेल तर उतारवयातली चित्रं आधी आणि तरुणपणीची नंतर असंही होऊ शकतं, पण त्याने काही बिघडत नाही.

सगळं बघायचं नाही. आज फक्त पाच-सहा चित्रं निवडा. एक फेरी सगळ्यांतून न थांबता मारायची, जिथे पाय आपोआप थांबतो ती मनात ठेवायची आणि मग त्यांच्यापाशीच परत जायचं. एकदा लांबून बघा, सात-आठ फुटांवरून, मग रंग कसा बसलाय ते दिसेल इतकं जवळ, मग परत लांब. हात मागे बांधून ठेवायची सवय लावा, बोट दाखवतानासुद्धा लोक नकळत कॅनव्हासला लावतात. फोटो काढायचे तर आधी विचारून, फ्लॅश बंद.

चित्राशेजारची पट्टी वाचायला शिका

हे कुणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. नाव, साल, माध्यम, आकार, आणि शेवटी संग्रह, अशा साधारण चार-पाच गोष्टी त्यावर असतात. लोक नाव वाचतात आणि पुढे जातात, नाव बऱ्याचदा 'शीर्षक नाही' असंच असतं आणि मग हिरमुसतात. खरी गंमत खालच्या ओळींत आहे.

माध्यम बघा. बरवेंच्या कितीतरी चित्रांखाली कॅनव्हासवर एनॅमल असं असतं. एनॅमल म्हणजे तोच, आपण दारं-खिडक्या, लोखंडी गेट रंगवतो तो ऑइलपेंट. एकदा हे वाचलं की परत चित्राकडे बघा, तो सपाट गुळगुळीत पृष्ठभाग, ब्रशचा फटकारा जवळजवळ न दिसणं, हे सगळं वेगळंच दिसायला लागतं, आणि हाही प्रश्न पडतो की तैलरंगांच्या महागड्या ट्यूबा असताना माणसाने हे का निवडलं असेल. आकार बघा. जलरंगाखाली २२ × ३० इंच दिसलं तर चित्रकाराने बाजारात मिळतो तो अख्खा कागद वापरलाय, न कापता. सालं एकमेकांशी ताडून बघा, दोन चित्रांमध्ये सहा-सात वर्षांची गॅप असेल तर तेव्हा काय झालं होतं हा प्रश्न मनात ठेवा, विचारायला उपयोगी पडतो.

आणि संग्रहाची ओळ. 'खाजगी संग्रह' लिहिलं असेल तर ते चित्र कुणाच्या तरी घरातून ह्या प्रदर्शनापुरतं आलंय, परत जाणार, आणि कदाचित पुढची कित्येक वर्षं कुणालाच दिसणार नाही. पाच-सहांत एखादं असं नक्की घ्या.

चित्रकाराशी बोला

इथे सगळे अडतात. इंग्रजीची भीती आधी काढून टाका, मुंबईतले कितीतरी चित्रकार जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले, घरी मराठीच बोलणारे असतात, आणि इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत कुणी मराठीत बोललं की मोकळे होतात. वयाने मोठे असतील तर सर, मॅडम, नाहीतर अहो-जाहो, एवढं पुरे. फोटोवाल्यांचा घोळका ओसरू द्या, साधारण तासाभराने ते होतं, मग जवळ जा, नाव सांगा आणि ज्या चित्रापाशी थांबलात त्याचं नाव घ्या.

"ह्याचा अर्थ काय" हे विचारू नका, त्यावर बहुतेक जण तुम्हालाच विचारतात की तुम्हाला काय वाटलं. "किती दिवस लागले" हे पन्नास जणांनी विचारलेलं असतं. त्यापेक्षा जे दिसलं त्यावर विचारा. "सर, त्या मोठ्या चित्रात डावीकडची खिडकी आधी होती की नंतर आली?" किंवा "मॅडम, ह्या सगळ्यांत लाल कुठेच नाहीये, मुद्दाम?" असं विचारलं की समजतं तुम्ही खरंच बघितलंय, आणि उत्तर मनापासून मिळतं. दोन-तीन मिनिटं बोला आणि दुसऱ्यांना जागा द्या. आवडलं नसेल तर खोटं कौतुक करायची गरज नाही, "अजून परत येऊन बघणार आहे" हे खरं असतं आणि पुरेसं असतं.

आता ते 'आपल्याला काय कळतंय'. सुधीर पटवर्धनांचं उदाहरण घ्या, ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत त्यांनी चित्रं काढली, आणि चित्रांत कोण तर कामगार, इराण्याकडे बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, गिरण्यांच्या जागी उभं राहिलेलं लोअर परळ. २०१९ च्या शेवटी एनजीएमएत त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. त्या चित्रांपुढे लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला जे कळतं, गिरणीची ती चिमणी कुठली असेल, शिफ्ट सुटल्यावर माणसं अशी का चालतात, ते जाड पुस्तकं वाचलेल्याला सांगावं लागतं. तुमचं ओळखणं हेसुद्धा कळणंच आहे आणि चित्रकाराला ते ऐकायचं असतं, जाऊन सांगा.

चित्रकाराभोवती फारच गर्दी असेल तर दुसरी दोन माणसं गाठा. एक, ज्यांनी चित्रं लावलीत ती टीम, हे बहुतेक तरुण असतात, दमलेले असतात आणि कुणी विचारलं की खूप सांगतात, हे चित्र ह्याच भिंतीवर का, दिवा ह्या कोनात का. दोन, गॅलरीतले सिक्युरिटी गार्ड आणि अटेंडंट. चित्रांबरोबर सगळ्यात जास्त तास तेच घालवतात, लोक कुठे थांबतात, पोरं कशाला हात लावायला धावतात, सगळं त्यांना माहिती असतं, आणि मराठीत बोलतात.

चहा, वाईन, लाल ठिपके

म्युझियममध्ये बहुतेक चहा, बिस्किटं, फार तर समोसा, प्रायव्हेट गॅलरीत वाईन असते. घेतलीच पाहिजे असं नाही, पाणी मागा, कुणी काही म्हणत नाही. ग्लास-कप घेऊन चित्राजवळ मात्र अजिबात जाऊ नका.

म्युझियममध्ये चित्रं विकायला नसतात. जहांगीर आणि प्रायव्हेट गॅलऱ्यांत असतात, लेबलवर लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं. किंमत भिंतीवर नसते, डेस्कवर यादी असते, "प्राइस लिस्ट बघू का" असं सरळ विचारा, विचारलं म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. सुरुवातीला मुद्राचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली, म्हणजे प्रिंट्स) आणि छोटी रेखाटनं बघा, तरुण चित्रकारांची ती पगारदार माणसालाही कधी कधी परवडतात.

मुंबईबाहेर असाल तर

पुण्यात बालगंधर्व कलादालनातली उद्घाटनं ह्याहून घरगुती असतात, नातेवाईक, शाळेतले शिक्षक, सगळे आलेले असतात, बोलणं मराठीतच, चित्रकार तुम्हाला स्वतः हाताला धरून चित्रं दाखवतो. गोव्यात पणजीला आल्तिन्होवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आणि पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कलांचा फेस्टिव्हल. पद्धत सगळीकडे सारखीच, लवकर जा, भाषणं ऐका, उलटं चाला, बोला.

दुसरी भेट

ओपनिंगला चित्रं नीट बघून होत नाहीत, कुणाचीच होत नाहीत, म्हणून निघायच्या आधीच दुसऱ्या भेटीचा दिवस ठरवा. प्रदर्शनाची शेवटची तारीख फोनमध्ये टाका, शेवटच्या रविवारवर टाकू नका, तेव्हा परत गर्दी असते. कामाच्या दिवशी दुपारी कधीही उत्तम. एनजीएमए सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी, हे लक्षात ठेवा नाहीतर भायखळ्याच्या उन्हात बंद गेटसमोर उभं राहावं लागतं. बऱ्याच मोठ्या प्रदर्शनांत मधल्या एखाद्या शनिवारी-रविवारी क्युरेटर किंवा चित्रकार स्वतः फिरून चित्रं समजावतात, वॉकथ्रू म्हणतात त्याला, काही वेळा मराठीतही असतो. नसेल तर अभिप्रायाच्या वहीत लिहा की मराठीत ठेवा, फोन नंबर देऊन लिहा. ती वही वाचली जाते आणि मागणी दिसली तर ठेवतातसुद्धा.